मावशी ‘जवळची’ नसते का?

या वेळचं पत्र कॅनडाच्या प्रेअरी भागातून आलं आहे. नाव आणि विद्यापीठ छापू नये अशी विनंती आहे. पत्र थोडं आटोपशीर करून देते.

“सहा वर्षांपूर्वी मी कॅनडात आले. पहिल्या वर्षाला संख्याशास्त्र शिकवते. वर्गात एकशेवीस मुलं असतात, त्यांत दरवर्षी पाच-सात जण फर्स्ट नेशन्स (इथले मूळ रहिवासी समाज) किंवा मेटी (मूळ रहिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाचा समाज) यांच्यातले. गेल्या सत्रात उत्तरेकडच्या एका रिझर्व्हवरून, म्हणजे मूळ रहिवाशांसाठी राखून ठेवलेल्या वस्तीतून, आलेला क्री (फर्स्ट नेशन्सपैकी एक समाज) मुलगा होता. पहिल्या मिडटर्मला त्याला ८१ मार्क मिळाले. मग तो नऊ दिवस आलाच नाही आणि दुसरी मिडटर्म बुडाली. परत आल्यावर म्हणाला, ‘माय आंट’ वारली. आमच्या नियमात ‘जवळचा नातेवाईक’ गेला तरच फेरपरीक्षा मिळते, सुटी तीन दिवसांची, आणि कागद दाखवावा लागतो. मी त्याला नियम वाचून दाखवला. तो ‘ओके’ म्हणाला आणि गेला. पुढच्या आठवड्यात कळलं की त्याने सगळेच विषय सोडले. ते ‘ओके’ माझ्या कानातून जात नाही. सहकारी म्हणतात, मनाला लावून घेऊ नकोस, ही मुलं टिकत नाहीत, शिक्षण फुकट मिळतं म्हणून त्यांना किंमत नाही, आणि त्यांच्यासाठी नियम वाकवले तर दर्जा घसरेल. मला हे पटत नाही. पण खरं सांगते, मनात येतं की मीही परक्या देशात, परक्या भाषेत, एकटीने शिकले. मला जमलं, तर त्यांना का जमू नये? जानेवारीत नवा वर्ग सुरू होतोय. यादीत पाच जण आहेत. मी काय करू?”

प्रिय ताई,

नियम वाचून दाखवणारे पुष्कळ असतात. त्यांतल्या फार थोड्यांना समोरच्याचं ‘ओके’ ऐकू येतं. तुम्हाला ते ऐकू आलं, म्हणून आडपडदा न ठेवता लिहिते. काही ओळी टोचतील.

मावशीपासूनच सुरुवात करू. ‘माय मरो, मावशी जगो’ ही म्हण तुम्ही लहानपणापासून ऐकली असेल. आपल्याकडे आईच्या बहिणीला एक शब्द आहे, वडिलांच्या बहिणीला दुसरा, मामाच्या बायकोला तिसरा. इंग्रजीत या सगळ्या ‘आंट’ होतात, आणि विद्यापीठाच्या फॉर्मवर ‘आंट’ दूरच्या नात्यात मोडते. आता क्री भाषा बघा. आईला ‘निकावीय’ म्हणतात आणि मावशीला ‘निकावीस’. मूळ शब्द एकच, त्याला शेवटी लहानपण दाखवणारा प्रत्यय लागलेला: माझी धाकटी आई. काकांनाही तसंच, धाकटे वडील. मावशीची मुलं ही भावंडंच, त्यांच्यासाठी वेगळा शब्द नाही. त्या मुलाने तुमच्या टेबलापाशी उभं राहून ‘माय आंट’ म्हटलं, कारण फॉर्मच्या भाषेत त्याच्याजवळ तेवढाच शब्द होता. तुम्ही दोघं आपापल्या भाषेत बोलला असतात तर त्याचं दुःख तुम्हाला एका शब्दात कळलं असतं. तुमची मावशी गेली असती तर तुम्ही तीन दिवसांत परत येऊन परीक्षा दिली असती का?

आणि ते नऊ दिवस. उत्तरेतल्या कित्येक वस्त्यांमध्ये माणूस गेलं की सगळी वस्ती थांबते. देहाजवळ रात्री जागवल्या जातात, लांबचे नातेवाईक पोहोचेपर्यंत वाट पाहिली जाते. तरुण मुलांना लाकडं आणायची असतात, कबर खणायची असते, आल्यागेल्याला वाढायचं असतं. हिवाळ्यात, तीनशे-चारशे किलोमीटरचा रस्ता, तोही दुसऱ्याच्या गाडीतून. अशा वेळी अंगात बळ असलेला वीस वर्षांचा मुलगा ‘माझी परीक्षा आहे’ म्हणून निघून गेला, तर तो तिथून काय होऊन बाहेर पडेल? तो थांबला, कारण तो चांगला मुलगा आहे. ज्या गुणाचं त्याच्या घरी कौतुक झालं असेल त्याच गुणासाठी आपल्याकडे त्याला शून्य मिळालं.

आता तुमच्या त्या प्रश्नाकडे येते, जो तुम्ही धाडस करून लिहिलात. ‘मला जमलं, तर त्यांना का जमू नये?’ मी तीस वर्षं कॅनडातल्या एका विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवलं, आणि पहिली दहा वर्षं हाच प्रश्न मनात घेऊन शिकवलं. बोलून दाखवला नाही कधी, पण तो चेहऱ्यावर दिसत असणार.

आपण परक्या देशात आलो ते स्वतः ठरवून. आपली भाषा मागे सुखरूप होती. फोन उचलला की ती ऐकू यायची. आपल्या घरी शाळा या शब्दाने कुणाच्या पोटात गोळा येत नव्हता. त्या मुलाच्या घरी येत असण्याची दाट शक्यता आहे. कॅनडात शंभराहून जास्त वर्षं सरकारने आणि चर्चने मिळून निवासी शाळा चालवल्या. एकशेतीसहून जास्त शाळा, दीड लाखाहून जास्त मुलं. मुलांना आईबापांपासून काढून तिथे ठेवायचं, त्यांची भाषा बोलली की शिक्षा करायची. त्यांतली शेवटची दारं १९९० च्या दशकात बंद झाली. म्हणजे हा काही पणजोबांच्या काळातला इतिहास नाही. तुमच्या विद्यार्थ्यांच्या आईवडिलांच्या पिढीतली माणसं त्यांत होती. पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती २००८ साली, आणि या शाळांच्या चौकशीसाठी नेमलेल्या सत्य व सलोखा आयोगाने हजारो माणसांचं ऐकून घेऊन आपल्या ९४ मागण्या मांडल्या त्या २०१५ साली.

विद्यापीठांपुरती गोष्ट तर आणखी टोकाची आहे, आणि ती तुम्हाला माहीत असावी असं मला फार वाटतं. तुमच्या कार्यक्रमांच्या सुरुवातीला ज्या ट्रीटी ६ चं, म्हणजे सरकार आणि तिथल्या मूळ समाजांमधल्या कराराचं, नाव घेतलं जातं, ती १८७६ सालची. त्या करारात रिझर्व्हवर शाळा चालवण्याचं वचन आहे. म्हणजे ज्या जमिनीवर तुमचं विद्यापीठ उभं आहे, तिच्यावर बाहेरच्यांना वसू देण्याच्या व्यवहाराचा शिक्षण हा एक भाग होता. आणि त्याच १८७६ साली ‘इंडियन अॅक्ट’ आला. त्यात असं कलम होतं की ज्या ‘इंडियन’ (मूळ रहिवाशांसाठी तेव्हाचा सरकारी शब्द) माणसाने विद्यापीठाची पदवी मिळवली, जो डॉक्टर झाला, वकील झाला, त्याचा ‘इंडियन’ दर्जा आपोआप संपेल. पुढे त्या कलमाची भाषा बदलत गेली. पण मुळात विचार काय होता ते बघा: शिकलास तर तू तुझ्या माणसांतला राहणार नाहीस. एका हाताने शाळेचं वचन आणि दुसऱ्या हाताने ही अट, एकाच वर्षी. आपल्या घरात पदवीचा फोटो भिंतीवर लागतो. काही घरांमध्ये पदवी म्हणजे पोरगं हातचं जाणं, अशी आठवण पिढ्यान्‌पिढ्या राहिली असेल तर तिला ‘शिक्षणाची किंमत नाही’ कसं म्हणायचं?

तेव्हा स्वतःशी तुलना सोडा. तुमचे कष्ट खरेच आहेत, त्यांना कुणी कमी लेखत नाही. पण ते वेगळ्या वाटेवरचे कष्ट आहेत.

‘फुकट’चं काय ते पटकन सांगते, म्हणजे पुढच्या वेळी स्टाफरूममध्ये तुम्हाला उत्तर देता येईल. फर्स्ट नेशन्सच्या नोंदणीकृत विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची एक योजना आहे. पैसे थेट विद्यार्थ्याला मिळत नाहीत, बहुतेक ठिकाणी ते बँडमार्फत, म्हणजे त्या त्या फर्स्ट नेशनच्या स्थानिक कारभारामार्फत, वाटले जातात, आणि ते सगळ्यांना पुरत नाहीत. १९९६ साली सरकारने या खर्चाच्या वाढीला वर्षाला दोन टक्क्यांची मर्यादा घातली. ती कित्येक वर्षं राहिली. त्या काळात तरुणांची संख्या वाढली, फी वाढली, आणि प्रतीक्षायाद्या लांबल्या. आयोगाच्या ९४ मागण्यांतली अकरावी मागणी हीच आहे की हा साचलेला अनुशेष संपवा. मेटी विद्यार्थी आणि नोंदणी नसलेले फर्स्ट नेशन्स विद्यार्थी या योजनेत बसतच नाहीत. तुमच्या यादीतल्या पाचांपैकी कोण कर्ज काढून आलंय हे तुमच्या सहकाऱ्यांना चेहऱ्यावरून कळणार नाही.

१९९१ साली व्हर्ना कर्कनेस आणि रे बार्नहार्ट यांनी एक लेख लिहिला. कर्कनेस मॅनिटोबातल्या फिशर रिव्हरच्या क्री शिक्षणतज्ज्ञ, बार्नहार्ट अलास्कात शिकवणारे. विद्यापीठाने या विद्यार्थ्यांशी चार गोष्टींनी वागावं असं त्यांनी मांडलं: आदर, त्यांच्या जगण्याशी संबंध, देणंघेणं आणि जबाबदारी. हे चार शब्द आता पुष्कळ विद्यापीठांच्या भिंतींवर लागले आहेत. पण त्या लेखातली मला जास्त मोलाची वाटलेली गोष्ट वेगळी आहे. ते म्हणतात, विद्यापीठ म्हणतं विद्यार्थी ‘येतो’, आणि विद्यार्थी म्हणतो मी ‘जातो’. आपण आत बसून ‘आला’, ‘टिकला’, ‘गळला’ असे शब्द वापरतो, जणू आपली जागा पक्की आणि त्याने तिच्यात बसायचं. तो मात्र घरातून निघालेला असतो. त्याच्यामागे आजी असते, वस्ती असते, कुणीतरी गोळा करून दिलेले बसभाड्याचे पैसे असतात. तो काहीतरी न्यायला जातो आणि परत यायचं म्हणून जातो.

तुमच्या पत्रातला प्रश्न ‘ही मुलं टिकतील कशी’ असा आहे. मी तो असा विचारेन: ज्याला घरी जावं लागणारच आहे, त्याला घरी जाऊन परत येता येईल असा माझा विषय मी कसा लावू? याची उत्तरं बरीचशी तुमच्या हातात आहेत, आणि डीनची परवानगी त्यांतल्या फार थोड्यांना लागते.

तुमचा सिलॅबस उघडा. ‘जवळचा नातेवाईक’ हे शब्द आधी काढा. ‘घरातलं किंवा आपल्या माणसांतलं कुणी’ असं लिहा आणि कोण आपलं हे विद्यार्थ्याला ठरवू द्या. कागद मागू नका. वस्तीतल्या अंत्यविधीचं प्रमाणपत्र कोण देणार? आणि मावशीच्या मृत्यूचा दाखला आणायला सांगणं म्हणजे ‘तू खोटं बोलत असशील’ असं तोंडावर म्हणणं. मग मार्कांची विभागणी बदला. दोन मिडटर्मपैकी एक बुडाली तर तिचं वजन आपोआप फायनलवर जाईल, कारण विचारलं जाणार नाही, असं सगळ्यांसाठी लिहून टाका. एकशेवीस जणांसाठी. याने तुमचं कामही कमी होतं, फेरपरीक्षेचे वेगळे पेपर काढावे लागत नाहीत. ज्याचं मूल आजारी आहे, जो रात्रपाळी करतो, ज्याची आई दुसऱ्या देशात दवाखान्यात आहे, त्या सगळ्यांना याचा उपयोग होईल, आणि त्या पाच जणांना तुमच्या टेबलापाशी उभं राहून आपलं दुःख सिद्ध करावं लागणार नाही. तुमच्या वर्गात वय झालेल्या, मुलं असलेल्या विद्यार्थिनीही असतील. फर्स्ट नेशन्स विद्यार्थ्यांमध्ये अशा बायका पुष्कळ असतात. कॅम्पसवरच्या पाळणाघराची रांग किती लांब आहे, ते एकदा जाऊन विचारा. संख्याशास्त्राच्या बाईंनी हे का विचारायचं, असं वाटेल. पण संध्याकाळी साडेसातला क्विझ लावायची की नाही, हे त्यावर ठरतं.

दर्जाची भीती बाळगणाऱ्यांना एक उदाहरण द्या. सास्काचेवान विद्यापीठात १९७३ पासून आदिवासी विद्यार्थ्यांसाठी कायद्याचा उन्हाळी वर्ग चालत आला आहे. कायद्याचं पहिलं वर्ष सुरू होण्याआधी काही आठवडे, छोट्या गटात, त्याच पद्धतीचा अभ्यास आणि तशाच परीक्षा. सप्टेंबरमध्ये हे विद्यार्थी वेगवेगळ्या लॉ स्कूलमध्ये जातात आणि इतरांबरोबर तेच पेपर देतात. या वाटेने गेलेले कित्येक जण पुढे वकील झाले, न्यायाधीश झाले. पेपर सोपा करायची मागणी तिथे कुणी केली नव्हती. शिक्षक तयार करणारे वर्गही तसेच: त्याच विद्यापीठातला १९७२ पासूनचा फर्स्ट नेशन्स शिक्षकांचा, गॅब्रिएल ड्युमाँट इन्स्टिट्यूटचा १९८० पासूनचा मेटी शिक्षकांचा. एकट्यादुकट्याला शंभर जणांत सोडून न देता पंधरा-वीस जणांना एकत्र पुढे नेणं, ही त्यांची साधी युक्ती. तुमच्याकडे पाचच आहेत, पण शेजारच्या तुकड्यांत आणखी असतील. ट्युटोरियलच्या वेळा लावताना कुणी एकटं पडत नाही ना, एवढं सहकाऱ्यांशी बोलून बघता येईल.

आणि इथे एक धोका आहे, जो मला माझ्या चुकीतून कळला.

माझ्या लॅबमध्ये एक मुलगी होती, नेहमी पुढच्या बाकावर. वनस्पतींमधली रसायनं शिकवताना मी मोठ्या उत्साहाने तिला सगळ्यांसमोर विचारलं, “तुमच्यात ही वनस्पती औषध म्हणून वापरतात ना? याला तुमच्या भाषेत काय म्हणतात?” ती म्हणाली, “मला माहीत नाही.” मी हसून पुढे गेले. दुसऱ्या दिवसापासून ती मागच्या रांगेत बसायला लागली. पदवी घेतल्यावर, निरोप घ्यायला आली तेव्हा तिने सांगितलं. ती दोन वर्षांची असताना तिला घरातून काढून फॉस्टर केअरमध्ये ठेवलं होतं. ती शहरात गोऱ्या घरांमध्ये वाढली. तिची भाषा तिला कुणी शिकवलीच नव्हती. “तुम्ही विचारलंत तेव्हा मला वाटलं, मी इथलीही नाही आणि तिथलीही नाही,” म्हणाली. मी आदर दाखवते आहे असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात तिच्याकडून जे हिरावून घेतलं होतं त्याचीच मी तिला भर वर्गात परीक्षा घेतली होती.

म्हणून सांगते, यादीतल्या पाच नावांवर खूण करू नका. कुणाला प्रतिनिधी करू नका. त्यांतला एक शहरात वाढलेला असेल, एक क्री बोलणारा असेल, एक मेटी, एक डेने, एक असा की ज्याला या विषयावर बोलायचंच नाही. आदर दाखवायचाच असेल तर तो तुमच्या शिकवण्यात येऊ द्या, त्यांच्याकडे बोट न करता.

तुमच्या विषयात तर त्याला केवढी जागा आहे! प्रतिसाद न मिळालेल्या नमुन्याचा धडा शिकवता ना? २०२१ च्या कॅनडाच्या जनगणनेत ६३ रिझर्व्ह आणि वस्त्यांची मोजणी अपुरी राहिली. त्या ६३ ठिकाणांशिवाय काढलेल्या सरासरीचं काय करायचं, हा वर्गात विचारण्यासारखा खरा प्रश्न आहे. माहिती कुणाची, हा धडा सिलॅबसमध्ये नसेल तर घाला. फर्स्ट नेशन्सनी १९९८ साली ‘ओकॅप’ नावाची तत्त्वं मांडली: आमच्याबद्दलच्या माहितीची मालकी, तिच्यावरचं नियंत्रण, तिच्यापर्यंतची पोहोच आणि तिचा ताबा आमच्याकडे असेल. डेटाच्या मालकीवर आज सगळं जग बोलतंय. यांनी ते पंचवीसहून जास्त वर्षांपूर्वी नियमांत बसवलं होतं, कारण त्यांच्यावर संशोधन करणाऱ्यांचा त्यांना फार अनुभव होता. हे सांगितलंत तर त्या पाच जणांना वर्गात पहिल्यांदा आपल्या माणसांचं नाव ‘समस्या’ या शब्दाशिवाय ऐकायला मिळेल. माझ्या मते एका सत्रासाठी हे पुष्कळ आहे.

प्रयोगाची रचना आणि तुलनागट शिकवताना आणखी एक गोष्ट येऊ शकते, पण ती जपून. १९४८ ते १९५२ या काळात सरकारी शास्त्रज्ञांनी सहा निवासी शाळांतल्या अर्धपोटी मुलांवर आहाराचे प्रयोग केले. पालकांना विचारलं नाही. तुलनागट हवा म्हणून काही मुलांना आहे तसंच उपाशी ठेवलं. इतिहासकार इयन मॉस्बी यांनी २०१३ साली हे कागद बाहेर काढले. हा विषय घेणार असाल तर आदल्या तासाला सांगा, ज्याला नको असेल त्याला न येण्याची मोकळीक द्या, आणि शिकवताना त्या पाच जणांच्या तोंडाकडे बघू नका. त्यांच्यातल्या कुणाचे आजोबा त्या शाळेत असू शकतात. पहिल्या वर्षी हे नाही घेतलंत तरी चालेल.

ऑफिसच्या वेळेबद्दल एक सुचवते. तुमची खोली चौथ्या मजल्यावर, बंद दाराची असेल. दार वाजवून ‘मला कळलं नाही’ म्हणणं कुणालाच सोपं नसतं. तुमच्या कॅम्पसवर आदिवासी विद्यार्थी केंद्र असेलच. तिथल्या लोकांना आधी विचारा, आणि ते हो म्हणाले तर आठवड्यातून एक तास तिथे, सगळे बसतात त्या टेबलाशी, गणितं घेऊन बसा. पहिले तीन आठवडे कुणी येणार नाही. तरी बसा. चहा घ्या, तिथल्या कर्मचाऱ्यांशी गप्पा मारा, कुणाचं बाळ आलं तर त्याच्याशी खेळा. तुम्ही काही गोळा करायला आलेल्या नाही हे लोकांना दिसायला वेळ लागतो. केंद्रात एल्डर, म्हणजे समाजातली जाणती वडीलधारी माणसं, असतील. त्यांच्याकडून काही ऐकायचं असेल तर त्यांच्याकडे कसं जायचं, मान म्हणून तंबाखू द्यायची का, कशी द्यायची, हे तिथल्या माणसांकडून शिकून घ्या; आणि वर्गात बोलावलंत तर त्यांच्या वेळेचे पैसे विभागाकडून मिळवून द्या. पीएचडीवाल्या पाहुण्याला मानधन आणि एल्डरला नुसता चहा, हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की लिहितानाही राग येतो.

विभागाच्या बैठकीत तुम्ही नवख्या आहात, सगळं एकदम मागू नका. एकच मागणी घेऊन जा: मृत्यूनंतरच्या सुटीचा विद्यापीठाचा नियम बदला. तुमच्याकडे ८१ मार्क मिळवणारा, तरीही गेलेला विद्यार्थी आहे. नाव न घेता ती गोष्ट सांगा. कुणी म्हणेल, विद्यापीठ असं एकेका समाजाप्रमाणे बदलू शकत नाही. अशा वेळी मला अल्बर्टातलं ब्लू क्विल्स आठवतं. ती निवासी शाळाच होती. १९७० साली सरकार ती बंद करून मुलांना शहरातल्या शाळांत पाठवणार होतं. पालक आणि आजीआजोबा त्या इमारतीत जाऊन बसले, उठेनात. शेवटी १९७१ मध्ये ती शाळा त्यांच्या हातात आली, देशातली फर्स्ट नेशन्सनी स्वतः चालवलेली पहिली. आज तिथे त्यांचं विद्यापीठ आहे. ज्या इमारतीत भाषा बोलली म्हणून मार बसायचा त्याच ठिकाणी क्री भाषा शिकवली जाते. त्यापुढे ‘तीन दिवस’ हा शब्द बदलणं किती अवघड आहे, हे बैठकीत विचारून बघा.

आता शेवटचं, आणि मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटणारं. तुमच्या पत्रात पुढच्या पाच जणांची काळजी आहे. गेलेल्या एकाचं काय?

तो कायमचा गेला असं धरू नका. या विद्यार्थ्यांत मध्येच थांबून दोन वर्षांनी, पाच वर्षांनी परत आलेले मी खूप पाहिले आहेत. आपल्या नोंदींत ते ‘गळलेले’ असतात, त्यांच्या मनात ते ‘थांबलेले’ असतात. परत यायचं की नाही, हे पुष्कळदा शेवटचं दार कसं बंद झालं होतं त्यावर ठरतं. ते दार तुमच्या हातून बंद झालं. ते तुम्हीच उघडा.

त्याला ईमेल लिहा. छोटा. फोन करू नका, त्याला त्याच क्षणी उत्तर द्यावं लागेल. स्वतःच्या अपराधीपणाबद्दल लांबलचक लिहू नका, नाहीतर तुमची समजूत काढायचं काम त्याच्यावर पडेल. इंग्रजीत लिहाल, मी मराठीत मजकूर सुचवते:

“तुझी मावशी गेली हे तू सांगितलंस तेव्हा मी तुला नियम वाचून दाखवला. आधी तुझ्या दुःखाबद्दल विचारायला हवं होतं. ते माझं चुकलं. माझ्या भाषेतही मावशी ही आईसारखीच असते, आणि मला ते कळायला हवं होतं. तो नियम मी माझ्या विषयात बदलला आहे. पहिल्या परीक्षेत तू केलेलं काम खरोखर चांगलं होतं. पुढे कधी हा विषय परत घ्यावासा वाटला, तर मला कळव. प्रवेशाच्या कागदांपासून मदत करेन. उत्तर द्यायलाच हवं असं नाही.”

नियम आधी बदला आणि मगच हे लिहा, म्हणजे पाचवं वाक्य खरं असेल. रजिस्ट्रारच्या ऑफिसात हेही विचारून ठेवा की घरच्या मृत्यूमुळे सोडलेल्या सत्राची फी परत मिळण्याची किंवा गुणपत्रिकेवरचा शेरा बदलण्याची सोय आहे का. बऱ्याच ठिकाणी असते, अर्जाची मुदत मात्र असते, आणि ती त्याला कुणी सांगितली नसेल. असेल तर ती तारीख ईमेलमध्ये घाला.

सत्र सुरू व्हायच्या आत पाठवा. उत्तर आलं तर मला लिहा, नाही आलं तरी लिहा.

तुमची,
सल्लागार